मामाला बाहेर कोण काढतंय ते बघतेच

मामाला मी घरी परत आणणार नाही, हे आधीच सांगून टाकते. ही शिंपीणबाई चार दिवस तणतणेल आणि मग गप बसेल, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी मला ओळखलेलंच नाही.

मामा म्हणजे माझा डबल बास. दिसायला व्हायोलिनसारखाच, पण माझ्याहून वीतभर उंच, पोट सुटलेला, आणि आवाज इतका खालचा की कपाटातल्या कपबश्या किणकिणतात. तो वाजवायला मी लाकडी चौरंगावर उभी राहते. त्यावरून ज्यांना हसायचं होतं ते तीस वर्षांपूर्वीच हसून मोकळे झालेत. माझे वडील एका हॉटेलच्या नाचघरात तो वाजवायचे. ते गेल्यावर तो आमच्याकडे आला, खोलीचा कोपरा अडवून बसला आणि परत जायचं नाव घेईना, म्हणून लेक लहानपणी त्याला मामा म्हणायला लागली. चिकटलं ते नाव चिकटलंच.

तो चर्चमध्ये कसा गेला तेही सांगते, कारण हल्ली लोक असं बोलतात जणू मीच त्याला मागच्या दाराने घुसवला. जुन्या ऑर्गनचे खालच्या सुरांचे पाइप केव्हाच मेले होते. तेव्हाचे म्हातारे फादर एकदा झगा आखूड करायला माझ्याकडे आले. कोपऱ्यात मामा दिसला तसे म्हणाले, "हा रविवारी काय करतो?"

मी म्हटलं, "काय करणार? बसून खातो."

"मग पाठव त्याला कामाला."

त्या रविवारपासून मामा मिस्सेला, म्हणजे रविवारच्या पूजेला, यायला लागला. आमचं चर्च सगळं दगडी आहे. फक्त वेदीच्या डाव्या हाताला गाणाऱ्यांसाठी फळ्यांचा ओटा आहे, दोन पायऱ्या उंच, आतून पोकळ. डबल बासच्या बुडाला लोखंडी खिळा असतो, तो जमिनीला टेकवून वाद्य उभं करायचं. एकाच जागी तीस वर्षं टेकवून टेकवून तिसऱ्या फळीत बोटाच्या पेराएवढं भोक पडलं. जुने फादर त्या भोकाला माझी सही म्हणायचे.

त्याच फळीवर, माझ्या उजव्या हाताला, आमचे हे उभे राहायचे. ह्यांनी चौतीस वर्षं बॉयलरच्या कारखान्यात काढली. बॉयलरच्या पोटात शिरायचं, आतून पत्रे जोडायचा रिव्हेट धरायचा आणि बाहेरून घण पडायचे. चर्चमध्ये लहानथोर सगळे ह्यांना बॉयलरकाका म्हणतात. पण गळा असा की पहिल्या वाचनानंतरचं स्तोत्र तीस वर्षं दुसऱ्या कुणी म्हटलं नाही. एक कडवं ह्यांनी म्हणायचं, मग सगळ्यांनी पालुपद उचलायचं, पुन्हा ह्यांनी. ईस्टरच्या सकाळी तर लोक पलीकडच्या वस्तीतून ते ऐकायला यायचे.

कानांनी हे जरा कमी, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पण माझं म्हणणं वेगळं होतं. "दूध उतू जातंय, ते ह्यांना ऐकू येत नाही. बायको घसा फोडून हाक मारतेय, ती ऐकू येत नाही. मिस्सेत मात्र अर्धी मात्रा चुकत नाही! म्हणजे कान गेलेत ते फक्त बायकोपुरते." हे मी सगळ्या गाणाऱ्यांसमोर म्हणायची. सगळे हसायचे. हेही हसायचे. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

आणखी एक सांगायचं राहिलं. पवित्र गुरुवारच्या संध्याकाळपासून ईस्टरपर्यंत आमच्यात घंटा वाजत नाही, वाद्य वाजत नाही. शुभ शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, सगळी गाणी नुसत्या गळ्यावर. त्या दिवशी हे गायचेच नाहीत. ओठ मिटून, मान खाली घालून उभे. विचारलं की म्हणायचे, "गळा दाटून येतो गं त्या दिवशी." मी ही गोष्ट गावभर मिरवली. म्हणायची, नवरा असावा तर असा, प्रभूच्या दुःखाने ह्याला शब्द फुटत नाही.

गेल्या वर्षी नवे फादर आले. माझ्या लेकीच्या वयाचे. माणूस वाईट नाही, आणि तीच तर पंचाईत आहे. वाईट असता तर भांडण कितीतरी सोपं गेलं असतं. आजारी माणसाकडे सायकल मारत जातात, उपदेश आखूड करतात, स्वतःचा झगा स्वतः धुतात. पण सगळं कसं नियमात हवं. त्यात कुणीतरी चर्चला नवा, विजेवरचा ऑर्गन भेट दिला. त्याचे स्पीकर उंच दगडी खांबांवर बसवले. ऑर्गन वाजवतात दातांचे डॉक्टर, ते तर नव्या नवरदेवासारखे खूश.

ईस्टरआधीचे उपासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आदल्या रविवारी फादरनी मला वेदीमागच्या खोलीत बोलावलं.

"मावशी, या काळात वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून वाजवायची. ठाऊक आहे ना?"

"तीस वर्षं ठाऊक आहे. मामा आधारच देतो, फादर. पुढे येऊन नाचत नाही."

ते कसंनुसं हसले. "तोच मुद्दा आहे. तो नाचघरातून आलेला. चर्चमध्ये पहिला मान ऑर्गनचा. जुन्याला खालचे सूर नव्हते म्हणून तुमचं वाद्य आलं. आता नव्याला आहेत. मग दोन दोन कशाला? या काळात नको, आणि ईस्टरनंतरही नकोच. खरं सांगू का, तुम्ही त्या चौरंगावर उभ्या राहता, लोकांचं लक्ष वेदीवरून तुमच्याकडे जातं."

"तो त्यांच्या मानेचा दोष. माझ्या चौरंगाचा नाही."

"मावशी, मी ठरवलंय." मग आठवल्यासारखं करून म्हणाले, "आणि काकांना सांगा, स्तोत्र आता वाचनमंचावरून म्हणायचं. तीच त्याची जागा."

वाचनमंच म्हणजे वेदीजवळचा दगडी कठडा. मी घरी येऊन भांडी आपटली. हे नुसते माझ्या तोंडाकडे बघत बसले. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "मामा नाही? अजिबातच नाही?" आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, माझ्यासाठीच वाईट वाटतंय.

उपासातला पहिला रविवार. तीस वर्षांत पहिल्यांदा मी रिकाम्या हातांनी बाकावर बसले होते. हे दगडी कठड्यावर गेले. खांबांवरून ऑर्गन सुरू झाला, सुरुवातीची धून संपली, तरी हे उभेच. मग एकदम सुरुवात केली, ती ऑर्गन पालुपदावर पोचला तेव्हा. लोकांनी पालुपद उचललं तर हे दुसऱ्या कडव्यात. स्पीकर एक म्हणतोय, लोक दुसरं, हे तिसरंच. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तिसऱ्या कडव्यापाशी ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाण्यात पडलेला माणूस काठाकडे बघतो, तसं.

आणि मला, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. म्हटलं, बघा फादर, मामाला काढलंत, आता भोगा!

तीनच दिवसांनी फादर घरी आले. फार गोड बोलले. काकांनी खूप वर्षं सेवा केली, आता जरा विश्रांती घ्यावी, ईस्टरचं स्तोत्र मास्तरीणबाई म्हणतील. मास्तरीणबाई म्हणजे आमच्या गाणाऱ्यांच्या म्होरक्या, शाळेतून निवृत्त झाल्या तरी खडूसारख्या ताठ. ह्यांनी मान डोलावली.  फादरच्या पाठीवर दार लावलं आणि मी ह्यांच्यावर तुटून पडले. "अहो, मूग गिळलेत का? तीस वर्षांचं स्तोत्र काढून नेलं आणि तुम्ही मान डोलावताय?"

"वय झालं," हे म्हणाले, आणि पान्ह्यांची पेटी काढून एकेक पान्हा पुसत बसले. पुढचे पंधरा दिवस पान्हे पुसण्यातच गेले. जेवायच्या वेळी गुणगुणणं नाही, जिन्यावर शीळ नाही. घर कसं खायला उठलं.

मग एक दुपार आली. आमचं घर माझ्या दुकानाच्या वरच आहे, लाकडी फळ्यांच्या जमिनीचं. खाली कुणी शिंकलं तरी वर कळतं. हे खिडकीजवळच्या आरशासमोर दाढी करत होते, माझ्याकडे पाठ. मी रागारागाने मामाला काढलं आणि ईस्टरच्या स्तोत्राचे खालचे सूर छेडायला लागले. चर्चमध्ये नाही तर नाही, घरात कुणाच्या बापाची मनाई?

दुसऱ्या ओळीला हे गायला लागले. साबण लावलेल्या तोंडाने, हळू, पण सूर अगदी नेमका. मी हरखले. "अहो, आवाज तर ठणठणीत आहे की!" उत्तर नाही. नेहमीचंच, म्हटलं.

टेबलावर एक जाड लोकरीचा कोट दुरुस्तीला आलेला होता. तो घसरून खाली पडला. मामाला जरा सरकवला तर त्याचा खिळा नेमका त्या कोटाच्या घडीवर आला. मी तशीच वाजवत राहिले.

हे गाता गाता थांबले. शब्दाच्या मधोमध. वस्तरा हवेत. आणि त्यांनी खाली पाहिलं. माझ्याकडे नाही, जमिनीकडे.

मी कोट पायाने बाजूला लोटला, खिळा फळीवर टेकवला, वाजवलं. ज्या अक्षरावर थांबले होते तिथूनच ह्यांनी उचललं. पुन्हा खिळ्याखाली कोट घातला. थांबले. पुन्हा काढला. गायला लागले. मी खिळ्याखाली कोट सरकवून मामा भिंतीला टेकवला, ह्यांच्या मागे हातभर अंतरावर जाऊन उभी राहिले, आरशात दिसणार नाही अशी, आणि बोंब ठोकली, "घराला आग लागलीय!"

ह्यांनी शांतपणे हनुवटीचा फेस पुसला.

 शुभ शुक्रवार डोळ्यासमोर आला. वाद्य नसलेला दिवस. मिटलेले ओठ. आणि मी गावभर मिरवलेली ती भक्ती!

हे वळले, माझं तोंड पाहिलं आणि ह्यांना कळलं. मला काही विचारावंच लागलं नाही. तरी मी विचारलं, "किती दिवस?"

ह्यांनी माझ्या ओठांकडे बघून उत्तर दिलं. "अकरा वर्षं. वरचे आवाज आधी गेले. पाखरांचे, घंटीचे. मग माणसांचे."

"आणि माझा?"

"तुझा बराच टिकला. तू ओरडतेस ना."

मला हसू फुटलं आणि त्याच्यामागून रडू. मी ह्यांच्या छातीवर बुक्क्या मारल्या, साबण माझ्या नाकाला लागला. "सांगितलं का नाही? बायकोला सांगितलं नाही? मी चारचौघांत टोमणे मारत राहिले आणि तुम्ही हसत राहिलात?"

"सांगितलं असतं तर तू सांभाळायला लागली असतीस. आणि बहिऱ्याला स्तोत्र कोण म्हणू देणार?" हे खुर्चीवर बसले. "सूर गळ्याला पाठ आहेत. ते कुठे जात नाहीत. पण कधी उचलायचं, कुठे थांबायचं, लोकांचं म्हणून झालं की नाही, एवढं कुणीतरी सांगावं लागतं. ते मामा सांगायचा. तू खिळा टेकवलास की फळी बोलायला लागते. मला सगळं पायातून कळतं."

म्हणून ते पातळ तळव्याचे बूट! भर थंडीत तेच घालायचे आणि मी म्हणायची, चर्चमध्ये मिरवायला हवेत ह्यांना.

मी चप्पल पायात घालायला लागले. "आत्ताच्या आत्ता फादरकडे जाते."

ह्यांनी माझं मनगट धरलं. रिव्हेट धरलेला हात तो, सुटणं शक्य नाही. "सांगायचं नाही. कीव करून दिलेलं स्तोत्र मला नको. गाईन तर गाणारा म्हणून गाईन. शपथ घे."

घेतली. दुसरं काय करणार? म्हणजे भांडायचं माझं मी, आणि भांडणाचं कारण मात्र पोटात ठेवायचं.

मी मास्तरीणबाईंना गाठलं. त्यांच्याकडे नियमांचं पुस्तक असतं. चष्मा लावून त्यांनी मला समजावलं: ऑर्गनचा मान सगळ्यात मोठा, खरं आहे. पण दुसरी वाद्यंही चालतात. पूजेला योग्य असतील, किंवा योग्य करून घेता येत असतील तर. ज्यांच्याकडे अधिकार आहे त्यांची संमती मात्र लागते.

"शेवटचा भाग तुझ्या विरुद्ध जातो," त्या म्हणाल्या.

"मधला माझ्या बाजूने येतो. चला."

आम्ही दोघी फादरकडे गेलो. मी म्हटलं, "फादर, मी आयुष्यभर बापाची विजार लेकाच्या मापाची करत आलेय. लग्नातल्या झग्यातून बारशाची अंगडी काढलीत. योग्य करून घेणं म्हणजे काय, हे मला पुस्तकाने सांगायला नको. नाचघरातला मामा तीस वर्षं या फळ्यांवर उभा आहे. अजून किती योग्य व्हायचा तो?"

फादरनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मावशी, एवढा हट्ट का? नवा ऑर्गन सगळे सूर देतो. तुमच्या वाद्यावाचून काही अडत नाही. अडत असेल तर सांगा. एक कारण द्या, मी विचार करतो."

कारण माझ्या जिभेवर होतं. दातांखाली धरलं मी ते.

"मी वाजवते, हे कारण."

"म्हणजे मान हवाय तुम्हाला," ते म्हणाले. चिडून नाही, वाईट वाटून.

असा जाळ उठला अंगात! मान? मला? पण शपथ होती. मी म्हटलं, "हो. समजा तसं." मास्तरीणबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघतच राहिल्या.

शुभ शुक्रवारी मी ह्यांच्या शेजारी उभी राहिले. सगळं चर्च नुसत्या गळ्यावर गात होतं, ह्यांचे ओठ मिटलेले. मीही मिटले. नियम मला कळत नाहीत असं कुणी म्हणू नये. वाद्याचा दिवस नव्हता तो, मी पायाचा अंगठासुद्धा फळीवर आपटला नाही. पण मनात म्हटलं, प्रभू, तुझे तीन दिवस मी पाळते. रविवार माझा.

ईस्टरच्या सकाळी मी मामाला त्याचं चांगलं झबलं घातलं, मीच शिवलेली खोळ. ह्यांना म्हटलं, "मान तुम्ही धरा, बूड मी धरते."

"तू सांगितलंस?"

"नाही."

"मग फादरना काय सांगणार आहेस?"

"काही नाही. वाजवणार आहे."

 हे जाऊन पातळ तळव्याचे बूट घालून आले.

चर्चच्या दारात घंटावाला आडवा आला. "मावशी, हे आत न्यायचं नाही असं सांगितलंय."

"अडवायचं असंही सांगितलंय का?"

त्याने विचार केला. "तसं नाही सांगितलं."

"मग दार धर. जड आहे."

त्याने दार धरलं. ओट्यावर चढले आणि बघते तो भोक नाही! कुणीतरी लांबीचा लगदा भरून, घासून, वरून पॉलिश मारून बुजवलं होतं. फळी अशी गुळगुळीत की तिथे कधी कुणी उभंच राहिलं नव्हतं. माझी तीस वर्षं लांबी भरून बुजवली होती. मी मागेपुढे पाहिलं नाही. खिळा त्या जागेवर ठेवला, मामाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि अंगाचा सगळा भार टाकला. कट्ट! भरलेल्या चर्चमध्ये तो आवाज वेदीपर्यंत गेला. फादर झगा घालून वेदीमागच्या दारात आले होते. त्यांनी पाहिलं. मी पाहिलं की त्यांनी पाहिलं. पण मिस्सा सुरू होत होती, ईस्टरची, आणि ते माझ्यासारखे भांडखोर नाहीत.

पहिलं वाचन झालं. मास्तरीणबाईंनी उठायचं होतं. त्या उठल्या नाहीत. फादरनी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांनी गळ्याला बोट लावलं आणि मान हलवली, घसा बसलाय म्हणून. सकाळी अंगणात त्याच घशाने त्यांनी तीन जणींना झापलेलं मी ऐकलं होतं. मग त्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे असं काही पाहिलं की त्यांनी ऑर्गनवरचे हात उचलून मांडीवर ठेवले.

 मी सर्वात जाड तार छेडली.

हे दगडी कठड्याकडे गेले नाहीत. तिसऱ्या फळीवर, माझ्या उजव्या हाताला, पाय जरा फाकवून उभे राहिले आणि डोळे मिटले. दोन मात्रा गेल्या. नेमक्या तिसऱ्या मात्रेला आवाज उठला. काय सांगू तो आवाज! चाळीस दिवस दाबून ठेवलेलं सगळं त्यात होतं. कडवं संपलं, लोकांनी आलेलुया उचललं, मी खालून धरून ठेवलं, आलेलुयाचा शेवट आला तसा मी एक सूर जोरात दिला आणि ह्यांनी पुढचं कडवं उचललं, केसभराचाही फरक नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला पुसता येईना, हात रिकामे कुठे होते? वाहू दिलं.

मिस्सा संपली तरी लोक हलेनात. फादर थेट ओट्यावर आले. कान लाल झालेले.  ह्यांच्या बाजूला उभं राहून, पण माझ्याकडे बघत म्हणाले, "काका, तुम्ही तरी समजवा मावशींना. असं हट्टाने चर्च चालत नाही."

ह्यांनी फादरच्या खांद्याला हात लावून त्यांना आपल्याकडे वळवलं.

"फादर, इकडे तोंड करून बोला. मला ऐकू येत नाही."

"अहो!" मी ओरडले.

"ती ओरडली असणार," हे फादरना म्हणाले. "तेही मला ऐकू आलं नाही. काहीच येत नाही, अकरा वर्षं झाली. कारखान्यात गेले कान." मग माझ्याकडे वळले. "राहू दे. तुला मान हवाय, असं तू ऐकून घेतलंस. मास्तरीणबाईंनी सांगितलं मला. माझ्यासाठी तेवढं ऐकून घेतलंस, आता पुरे."

फादरचा चेहरा उतरला. "पण मग आत्ता तुम्ही... ते कसं...?"

ह्यांनी टाच फळीवर आपटली. "इथून. हिने वाजवलं की मला इथून येतं. तुमचा ऑर्गन दगडावर टांगलाय, तो माझ्यापर्यंत पोचत नाही. योग्य काय, अयोग्य काय, ते तुम्ही ठरवा, तुमचा अधिकार आहे. पण आधी एकदा इथे उभे राहा."

फादर तिसऱ्या फळीवर उभे राहिले. मी जाड तार छेडली, तो सूर विझेपर्यंत थांबले, मग पुन्हा छेडली. त्यांनी खाली, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.  शेवटी म्हणाले, "मावशी, मी कारण विचारलं होतं तुम्हाला."

"शपथ होती," मी म्हटलं. "आणि फादर, कारण नसतं तरी मी आणलाच असता."

त्यांनी बिशपना पत्र लिहिलंय. वर विचारल्याशिवाय मला हो म्हणता येत नाही, म्हणाले. नाहीही म्हणत नाही. तोवर मामा तिथेच आहे, झबलं घालून, रविवारची वाट बघत. स्तोत्र हेच म्हणतात, तिसऱ्या फळीवरून, आणि आता सगळ्यांना माहीत आहे की बहिरा माणूस म्हणतोय. कुणी कीव करून बघितलं तर हे आणखी एक पट्टी वर चढवतात. गेल्या आठवड्यात घंटावाला त्या भोकाभोवती पितळेची चकती ठोकत होता. मी विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाला, फादरनी, भोक मोठं होऊ नये म्हणून.

बिशपचं उत्तर काय येईल ते येवो. 'नाही' आलं तर फादरनी ते मला वाचून दाखवायचं नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलंय. ह्यांच्यासमोर उभं राहायचं, ह्यांच्या डोळ्यांत बघायचं, आणि एकेक शब्द सावकाश, ओठ नीट हलवून म्हणायचा. बघू जमतं का.